बंद टोकाची नळी

"रिपोर्ट गेलाय मॅडम. क्लायंट खूश आहे. आता कशाला उकरून काढताय?"

घारे सर उभ्या उभ्याच बोलत होते. ते आमचे डिलिव्हरी हेड, म्हणजे कुठलं काम कधी बाहेर जाणार हे ठरवणारे. ते बसून बोलत असले तर चर्चा होऊ शकते. उभ्यानं बोलायला लागले की समजायचं, त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. माझ्या दृष्टीनं तो नुकताच सुरू झाला होता. माझ्या स्क्रीनवर एका बाईच्या मेंदूतली रक्तवाहिनी होती, आणि तिची एक शाखा आम्ही पाठवलेल्या मॉडेलमधून गायब होती.

"सर, शीर उडवलीय आपण," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं शीर आहे म्हणून? स्कॅनमध्ये कचरा असतो."

"कचरा आहे की शीर, हे ठरवणारे आपण कोण?"

त्यांनी घड्याळ बघितलं आणि गेले.

आमचं ऑफिस भोसरी एमआयडीसीत. खालच्या मजल्यावर गिअर कापायचं वर्कशॉप, वरच्या मजल्यावर एसीत बसलेले आम्ही. आमचं काम सीएफडीचं. सोप्या भाषेत सांगायचं तर पाणी, हवा, धूर, जे काही वाहतं ते आधी कॉम्प्युटरवर वाहवून बघायचं. रेडिएटरमध्ये पाणी कुठं अडतं, सायलेन्सरमधून गरम धूर कसा फिरतो, हे पार्ट बनवायच्या आधी सांगायचं. माझी सगळी नोकरी यातच गेली. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांचे इतके सायलेन्सर मी आतून बघितलेत की रस्त्यानं गाडी गेली तरी मला आधी तिचा पाइप दिसतो.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की रक्तही वाहतंच, तर तेही काम घेऊ. एक क्लायंट मिळाला. मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी जाळ्या बनवणारी कंपनी. त्यांच्या बाजूनं सगळा कारभार राजवाडे नावाचे गृहस्थ बघायचे. बोलणं एकदम मधाळ, आणि कधीही कुणाला 'नाही' म्हणायचे नाहीत. नाही म्हणायच्या जागी 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणायचे.

आता हा आजार काय, ते सांगते. सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या ठिकाणी फुगा येतो, तसा मेंदूतल्या रक्तवाहिनीला येतो. त्याला अॅन्युरिझम म्हणतात. कित्येकांना तो असतो आणि जन्मभर कळतही नाही. पण फुटला तर माणूस हातचा जातो. उपाय दोन-तीन आहेत. एक म्हणजे जांघेतून बारीक नळी सरकवत वर मेंदूपर्यंत न्यायची आणि फुग्याच्या तोंडापाशी, मूळ रक्तवाहिनीच्या आत, बारीक विणीची धातूची जाळी बसवायची. मग रक्त सरळ पुढं जातं, फुग्यात शिरणारं रक्त मंदावतं, साकळतं आणि फुगा हळूहळू आतून बंद होतो. दुसरा उपाय म्हणजे कवटी उघडून फुग्याच्या मानेला बाहेरून चिमटा लावायचा. त्याला क्लिप म्हणतात. पहिला उपाय ऐकायला बरा वाटतो, त्यामुळे पेशंटलाही तोच हवा असतो.

आमचं काम एवढंच होतं: पेशंटच्या स्कॅनवरून रक्तवाहिनीचं मॉडेल बनवायचं, त्यात क्लायंटची जाळी बसवायची आणि फुग्यातलं रक्त किती मंदावतं ते दाखवायचं. पेशंटचं नाव आम्हाला कळत नसे. पण राजवाड्यांनी लावलेल्या या केसच्या पहिल्याच कॉलवर, उपचार करणारे डॉक्टर पेठकर सहज बोलून गेले होते, "बाई चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाइनवर काम करतात. फुगा डाव्या बाजूला आहे. म्हणजे धोका उजव्या हाताला." हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींची जुडी. ती हातानंच बांधतात, आणि ते काम बहुतेक बायकाच करतात. मी ती लाइन बघितलेली आहे. बोटं अशी चालतात की बघणाऱ्याला धाप लागावी. नाव माहीत नसलं तरी त्या बाईचे हात मला माहीत होते.

पहिला रिपोर्ट छान आला होता. जाळीआधी फुग्यात लाल-पिवळा भोवरा, जाळीनंतर सगळं निळंशार. निळं म्हणजे मंद. राजवाडे म्हणाले, हेच चित्र कॉन्फरन्सला लावू, फक्त खाली मूळ स्कॅन ठेवून वर आपलं मॉडेल पारदर्शक करून द्या, म्हणजे लोकांना पटेल. ते चित्र बनवायला मी बसले. मूळ स्कॅन खाली, मॉडेल वर. आणि फुग्याच्या कडेतूनच निघालेला एक बारीक दोरा मला दिसला. स्कॅनमध्ये होता. मॉडेलमध्ये तिथं गुळगुळीत भिंत होती.

मी सोमनाथला बोलावलं. सोमनाथ बीडचा, माझ्या टीममधला सगळ्यात सफाईचा माणूस. स्कॅनवरून आलेली आकृती साफ करून पुढं द्यायचं काम त्याचं.

"सोमनाथ, हे तू काढलंस का?"

त्यानं वाकून बघितलं. "हां मॅडम. बंद टोकाची नळी होती की ती. पुढं कुठंच जाईना. अन् एक मिलिमीटरच्या आत. आपण काढतोच की."

इथंच सगळी मेख होती. आम्ही काढतोच. इंजिनच्या कामात ती पक्की रीत आहे. मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या पाइपांच्या जुडग्यावर, सेन्सर बसवायला छोट्या नळ्या असतात, एका टोकाला बंद. त्यांच्यातून काही वाहत नाही, त्यामुळे त्या कापून भिंत सपाट करायची. ओतकामात राहिलेले बारीक कोंब, अर्धवट भोकं, सगळं साफ. न केलं तर हिशेब अडखळतो आणि मशीन विनाकारण दमतं. जो जास्त साफ करतो तो चांगला इंजिनिअर, असं या पट्ट्यातल्या सगळ्या ऑफिसांत शिकवतात. त्या सवयीनं सोमनाथनं ही नळीही कापली. पण मेंदूत बंद टोकाची नळी कोण बनवणार? ती पुढं गेलेलीच असणार. पुढं ती इतकी बारीक होते की स्कॅनला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सोमनाथचा चेहरा उतरला. "मी काय मुद्दाम करायलो का मॅडम?"

"नाही रे. तू रीतीनंच केलंस. आता ती परत लाव आणि मला दे."

दुसऱ्यांदा हिशेब चालवायला मशीन हवं होतं. मशीनवर एका रेडिएटरचं काम चालू होतं. मी ते थांबवलं. रेडिएटरवाले ओरडले, मी म्हणाले, तुमचं पाणी उद्या गार होईल, काही बिघडत नाही. घारे सरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, मग उगाच त्यांचा शब्द मोडावा लागला असता.

निकाल आला आणि माझं डोकं भणभणलं. जाळी बसवली तरी फुगा निळा होईना. मध्यातून एक धार चालूच. कारण साधं होतं. त्या शाखेला रक्त हवं असतं, आणि तिला ते फुग्यातूनच मिळतं. जाळीच्या विणीतून ती ओढून घेते. म्हणजे एक तर फुगा बंदच होणार नाही, बाई रक्त पातळ करायच्या गोळ्या खात तो डोक्यात घेऊन फिरणार. नाहीतर फुगा बंद होईल आणि जाताना त्या शाखेलाही घेऊन जाईल. अशी शाखा बंद पडली तर शरीराच्या विरुद्ध बाजूचा हात-पाय जाऊ शकतो, हे मला डॉक्टरांच्याच पहिल्या कॉलवरून माहीत होतं. विरुद्ध बाजू म्हणजे उजवी.

जाळी पुढच्याच आठवड्यात बसवायची ठरली होती.

दुसरा रिपोर्ट पाठवला आणि राजवाड्यांबरोबर कॉल लावला. घारे सर माझ्या शेजारी.

"मॅडम, हे व्हर्जन टू कशासाठी?" राजवाडे म्हणाले.

"व्हर्जन वन चुकीचं आहे म्हणून."

"चुकीचं नका म्हणू. अझम्प्शन वेगळं होतं म्हणा."

"वाऱ्याचा वेग वेगळा धरला तर ते अझम्प्शन. इथं माणसाची शीर कापून टाकलीय."

घारे सरांनी माइक बंद करायची खूण केली. मी केला नाही.

"हे बघा," राजवाडे शांतपणे म्हणाले, "डॉक्टर काय फक्त तुमच्या चित्रावर ठरवतात का? ते तज्ज्ञ आहेत. त्यांना दिसेलच ना."

"मग पाठवून द्या त्यांना. दिसणारच असेल तर पाठवायला काय जातंय?"

"आमचा इंटर्नल रिव्ह्यू आहे. प्रोसेसमध्ये टाकतो. पुढच्या महिन्यात क्लिअर होईल."

"बाईंना जाळी पुढच्या आठवड्यात बसतेय."

"ते आपल्या स्कोपमध्ये येत नाही मॅडम. आणि तुम्ही डॉक्टरांशी थेट बोलायचं नाही, हे तर अॅग्रीमेंटमध्येच आहे."

कॉल संपला. घारे सर पहिल्यांदाच खुर्चीत बसले.

"काळभोर मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण आपण इंजिनिअर आहोत. नसत्या भानगडीत पडून उद्या काही उलटं झालं तर कोण निस्तरणार? आपण कळवलंय ना क्लायंटला? संपली आपली जबाबदारी."

घारे सर वाईट माणूस नाहीत. त्यांना भीती वाटते, आणि ती ते नियमांच्या भाषेत बोलतात. पण 'कळवलंय ना' या दोन शब्दांची मला चीड आहे. असं म्हणून हात झटकणारी माणसं मी सगळीकडे बघितलीत. ब्रेकचा पार्ट असो नाहीतर मेंदू, मेल टाकला की यांची झोप शांत.

घरी गेले ते धुसफुसतच. आम्ही आकुर्डीचे जुने रहिवासी. आईची भाषा अजून गावचीच. तिनं ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय झालं ते तरी सांग." मी तिला शिरेचं, फुग्याचं, सगळं सांगितलं. तिला जाळीबिळी कळली नसावी.

"त्या बायला ठावं हाय का ह्ये?"

"नाही."

"डागदराला?"

"नाही."

"अन् तुला ठावं हाय."

"हो."

"मंग जेव अन् उद्या जा की. हिथं माझ्यावर कशापायी चिडतीयास?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला न जाता स्कूटर काढली आणि थेट पेठकरांचं हॉस्पिटल गाठलं. लॅपटॉप बॅगेत. रिसेप्शनवर म्हणाले, अपॉइंटमेंट नाही. मी म्हणाले, पेशंट नाही, पेशंटचं मॉडेल बनवणारी आहे, आणि डॉक्टर भेटल्याशिवाय हलणार नाही. ती मुलगी बिचारी गोंधळली. ओपीडीमध्ये जरा उसंत मिळाल्यावर पेठकरांनी आत बोलावलं.

"राजवाड्यांनी पाठवलं का तुम्हाला?"

"नाही. त्यांना न सांगता आलेय. त्यांनी येऊ नका म्हणून सांगितलंय."

त्यांनी भुवया उंचावल्या. "बसा."

मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडली. एकात गुळगुळीत भिंत, दुसऱ्यात तो दोरा. आमच्याकडे साफसफाई कशी होते आणि का होते, हे काही न लपवता सांगितलं. पेठकर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर मूळ स्कॅन उघडला, फिरवला, परत फिरवला.

"मला या कोनातून एकदा शंका आली होती," ते म्हणाले. "वाटलं, मागची दुसरी शीर आड येतेय, म्हणून फुग्यातून निघाल्यासारखी दिसतेय. मग तुमचं मॉडेल आलं. त्यात नव्हती. म्हणून मी शंका सोडून दिली."

आतापर्यंत मी समजत होते की आमच्या चित्रानं एक शीर दाखवली नाही, एवढंच. पण त्यानं एका तज्ज्ञ माणसाच्या मनात आलेली बरोबर शंका पुसून टाकली होती.

पेठकर माझ्याकडे वळले. आवाज कडक झाला होता. "पण एक सांगतो. तुमच्या या दुसऱ्या मॉडेलवरही मी काही ठरवणार नाही. तुम्ही तर रक्तवाहिनीची भिंतसुद्धा लोखंडी पाइपसारखी ताठ धरता."

"ठरवूच नका सर," मी म्हणाले. "दुसऱ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाही. पहिलं चित्र तेवढं डोक्यातून काढून टाका आणि तुमची शंका परत घ्या. मी तेवढ्यासाठीच आलेय."

ते चक्क हसले. "भांडायलाच आला होतात वाटतं."

"तयारीनं आले होते."

त्यांनी माझ्यासमोरच फोन उचलला. आधी जाळी बसवायच्या वेळीच नळी घालून नीट तपासणी करायची, असा त्यांचा बेत होता. तो बदलला. आधी नुसती तपासणी, जाळीचं नंतर बघू, म्हणाले. नळीतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचे जवळून फोटो घेतात, ती तपासणी. तिच्यात सगळं स्पष्ट दिसतं.

स्पष्ट दिसलंही. शाखा फुग्यातूनच निघत होती, तोंडापासून जरा वर. जाळीचा बेत रद्द झाला. जाळीसाठी आधीपासून चालू केलेल्या रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवल्या. पेठकरांच्याच हॉस्पिटलमधल्या न्यूरोसर्जननी कवटी उघडून क्लिप लावली. ती तिरकी लावली, म्हणजे शाखेचं मूळ मोकळं राहील आणि वरचा फुगा बंद होईल. हे सोपं ऑपरेशन नव्हतं. बाईंच्या घरच्यांना आधी पटलंच नाही. बारीक नळीनं होणारं काम सोडून डोकं कशाला उघडताय, म्हणून त्यांनी पेठकरांशी वाद घातला. पेठकरांनी त्यांना तो दोरा दाखवला आणि उजव्या हाताचं सांगितलं. मग नवऱ्यानं सही केली, असं पेठकर म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी मी ऑफिसात होते आणि कामात लक्ष नव्हतं. कारण आता उलटी भीती. क्लिप लावताना काही झालं असतं तर? जाळी बसली असती तर कदाचित काहीच झालं नसतं, असं कुणीही म्हणू शकलं असतं. सोमनाथ दोनदा चहा घेऊन आला आणि दोन्ही वेळा शेजारी उभा राहून गेला.

दुपार उलटल्यावर पेठकरांचा फोन आला.

"शुद्धीवर आल्यात. मी म्हटलं, उजवा हात हलवा बघू. तर बाईंनी तोच हात वर नेऊन नाकातली नळी ओढायला घेतली. सिस्टरनी धरला म्हणून बरं."

मी फोन ठेवला आणि मोठ्यानं हसले. मग सोमनाथला सांगितलं. तो खुर्चीत मटकन बसला आणि त्यानं डोळे पुसले. मीही पुसले. ऑफिसातले लोक आमच्याकडे बघत होते. बघू देत.

आता ऑफिसचं सांगते. राजवाड्यांना ऑपरेशननंतर दोन दिवसांत सगळं कळलं. त्यांनी घारे सरांना मेल टाकला, चॅनेल तोडल्याबद्दल तीव्र नाराजी वगैरे. घारे सरांनी मला केबिनमध्ये घेतलं. या वेळी उभं राहायचं का बसायचं, हे त्यांनाच ठरवता येईना.

"तुम्ही कंपनीला गोत्यात आणलंत मॅडम."

"बाई बऱ्या आहेत सर."

"मला माहितीय. पण ते वेगळं आणि हे वेगळं."

"मला दोन्ही एकच वाटतं."

"एक माफीचा मेल टाका राजवाड्यांना. साधा, दोन ओळींचा. मी विषय मिटवतो."

"माफी कशाची मागू? शीर परत लावल्याची?"

"चॅनेल तोडल्याची."

"चॅनेल पुढच्या महिन्यात उघडणार होतं सर."

त्यांनी कपाळाला हात लावला. मेडिकलचं काम आमच्याकडून गेलं. आता ते हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीकडे आहे. तिथं साफसफाई कोण करतं, कुठल्या रीतीनं करतं, मला माहीत नाही. मी पेठकरांना विचारलं. ते म्हणाले, "मी आता मॉडेल बघायच्या आधी मूळ स्कॅनवर माझं मत लिहून ठेवतो. मग तुमच्या लोकांची रंगीत चित्रं बघतो." 'तुमच्या लोकांची' हे जरा लागलं, पण माणूस बरोबर बोलतो.

मी परत रेडिएटरवर आले. इथं मला कुणी त्रास देत नाही, कारण रेडिएटरला उजवा हात नसतो. सोमनाथ मात्र बदललाय. काहीही काढायच्या आधी माझ्याकडे येतो आणि ही नळी कुठं जाते म्हणून विचारतो. त्यानं काम लांबतं. घारे सर कुरकुरतात. मी सोमनाथला सांगितलंय, तू विचारत राहा, कुरकुर मी बघून घेते.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही असं लोक म्हणतात. बरोबर आहे. पण जे त्याला दाखवलंच नाही ते तो नाही म्हणून सांगतो, आणि इतक्या सुबक रंगांत सांगतो की शहाणा माणूसही आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडतो. तेव्हा चित्र जितकं देखणं, तितकं त्याच्याखालचं मूळ उघडून बघावं. आणि चूक आपल्याला माहीत असेल, ज्याला ती भोगायचीय त्याला माहीत नसेल, तर प्रोसेसची वाट बघू नये. स्कूटर काढावी.

घारे सर अजूनही दर अप्रेझलला म्हणतात, "मॅडम, तो माफीचा मेल राहिलाय तुमचा." मी म्हणते, "हो सर, प्रोसेसमध्ये आहे."